खिडकीखालचा कर्णा

मी एक जुना कर्णा आहे. मित्रांनो, माझं तोंड भलं मोठं आहे, पण त्यातून निघालेला एकही शब्द माझा नाही, हे आधीच सांगून टाकतो. बॅटरी घाला, बटण दाबा, बोला. तुमचा आवाज मी रस्ताभर पोहोचवतो. कारखान्यात मला तपासणारा माणूस म्हणाला, "हॅलो, हॅलो, आजची भाजी खारट होती," आणि त्याने मला खोक्यात घातलं. मी ऐकवलेल्या बोलण्यापैकी ज्यावर कुणीही चिडलं नाही, असं हे बहुधा एकच वाक्य.

कारण पुढे मला विकत घेतलं ते औषधांच्या दुकानाच्या मालकीणबाईंनी. आठवडाभर त्या चिठ्ठी वाचून गोळ्या द्यायच्या, आणि सुट्टीच्या सकाळी मला खांद्याला अडकवून बाजाराच्या चौकात उभ्या राहायच्या. "देव नाही," त्या म्हणायच्या. "मला तरी तो कुठे दिसला नाही. तुम्हाला दिसला असेल तर खुशाल पूजा करा. पण जो पूजत नाही, त्याच्या अंगावर धावून जाऊ नका."

लोक अंगावर धावून यायचेच. टोमॅटो यायचे, चपला यायच्या. एकजण थेट माझ्या तोंडात थुंकला. बाईंनी मला पदराने पुसलं आणि वाक्य जिथे तुटलं होतं तिथूनच पुढे सुरू केलं. खोटं कशाला सांगू, त्यांची जीभही काही गोड नव्हती. शिव्या देणाऱ्याला त्या म्हणायच्या, "तुझ्या देवाची बाजू मांडायला त्याला तूच सापडलास? कीव येते मला त्याची." मग आणखी चपला.

पण काम त्यांनी कधी सोडलं नाही. धर्माचा रकाना कोरा ठेवला म्हणून एका परिचारिकेची नोकरी गेली, तेव्हा बाई कचेऱ्यांचे उंबरे झिजवत राहिल्या आणि तिला परत कामावर घ्यायला लावलं. कुणी मरताना "माझ्यावर प्रार्थना म्हणू नका" असं सांगून गेला, की त्याच्या घरचे अंत्यविधीला चार शब्द बोलायला बाईंना बोलवायचे. तिथे मात्र त्या मला बाहेर ठेवून हळू आवाजात बोलायच्या.

याची किंमत दुकानाने मोजली. शटरला डांबर फासलं गेलं. जुनी गिऱ्हाइकं रस्ता ओलांडून पलीकडून जाऊ लागली. सगळ्यात जास्त वैर धरलं ते त्यांच्या सख्ख्या धाकट्या भावाने. तो प्रार्थनाघराच्या समितीवर होता. बहिणीमुळे लोक त्याला टोमणे मारायचे आणि तो ते मुकाट गिळायचा.

अशात त्यांची आई आजारी पडली. आई भावाकडे राहायची, वरच्या मजल्यावर. बाई धावत गेल्या. भावाने दार अर्धंच उघडलं.

"आधी चौकात जा, ताई. त्याच कर्ण्यातून सांग, देव आहे, माझं चुकलं. मग ये वर."

"आई मरायला टेकलीय, आणि तू सौदा करतोस?"

"तू आमची अब्रू चौकात मांडलीस. तिथूनच उचलून आण."

दार धाडकन बंद झालं.

बाई चौकात आल्या. बातमी आधीच पोहोचली होती. केव्हा एकदा ही नाक घासते, म्हणून माणसं खुर्च्या टाकून बसली होती. बाईंनी मला तोंडाशी धरलं, बटण दाबलं. चौकाला फक्त त्यांचा श्वास ऐकू आला. त्या दोन वाक्यांनी दार उघडणार होतं. मित्रांनो, मी त्यांच्या ओठांच्या इतका जवळ होतो, की ते शब्द जुळत आल्याचं मला कळलं. पण त्यांनी बटण सोडलं आणि तडक भावाच्या घराखाली गेल्या. गर्दी शिव्या देत मागोमाग आली.

"आई!" त्या खालून माझ्यातून ओरडल्या. "आई, मी आलेय! हा मला वर येऊ देत नाही!"

शेजाऱ्यांनी खिडक्या आपटल्या. भाऊ जिना उतरत ओरडला, "बंद कर ते!" तेवढ्यात वरची खिडकी किलकिली झाली. गजांमधून एक सुकलेला हात बाहेर आला, आणि खोकल्यात अडकलेला आवाज खाली पोहोचला, "जेवलीस का गं?"

गर्दीतल्या एकाने उगारलेली चप्पल खाली केली.

"हो, आई," बाई म्हणाल्या. सकाळपासून त्यांच्या पोटात पाण्याचा घोटही नव्हता. तेवढं एक खोटं त्या माझ्यातून बोलल्या.

पुढच्या क्षणी भावाने मला हिसकावलं आणि पायरीच्या कोपऱ्यावर आपटलं. माझं तोंड फुटलं, तार लोंबू लागली. दार पुन्हा लागलं. आई गेली तेव्हा बाईंना ती बातमी एका गिऱ्हाइकाकडून कळली.

आता मी दुकानाच्या माळ्यावर पडून असतो. बाई अजून चौकात जातात, नुसत्या घशाने बोलतात आणि घसा बसवून परत येतात. भाऊ समोरून गेला, तर दोघांपैकी कुणीही मान वळवत नाही.

मित्रांनो, मला दुरुस्त करा असा हट्ट मी धरणार नाही. एखाद्याचं म्हणणं पटत नसेल, तर त्याच्याशी भांडा, चांगलं कडाकडा भांडा. पण भांडण चौकातच राहू द्या. कुणाच्या आईच्या दाराला कडी घालू नका.