फणसाखालची पेटी

पेट्या पावसाळाभर टिकल्या तर रावजीला मिळणार काय होतं? चोरीचा आळ पुसला जाणार होता, एवढंच. पण सत्तरीत माणसाकडे दुसरं जपायला असतं तरी काय!

त्याची वाडी पोलादपूरच्या वर, डोंगराच्या कुशीत. डोंगर सरकला तर आधी कळावं म्हणून महाडच्या कॉलेजातल्या अनुपमा मॅडमनी उतारावर अकरा पेट्या रोवल्या होत्या. वायर नाही, वीज नाही. आत एक सेल. पेटी झोपायची, मधूनच जागी होऊन खालच्या पेटीला निरोप द्यायची. असा तो हातोहात शाळेतल्या भोंग्यापर्यंत यायचा. शेवटची पेटी रावजीच्या फणसाखाली. बाकीच्यांचे सेल ठणठणीत, हिचा मात्र दर तीन आठवड्यांनी मेलेला.

"रावजीकाकांचा रेडिओ हल्ली लय मोठ्यानं वाजतो," मुंबईहून परतलेला भरत चारचौघांत म्हणाला. लोक हसले. ते एक वेळ चाललं असतं, पण घरी बायकोनं, ठमाबाईनंही विचारलं, "अवो, पेटीतले सेल खरंच रेडिओत घातलेत काय?"

"तू पण गो?"

दुसऱ्या दिवशी रावजीनं मॅडमना गाठलं. "बाय, वरच्या दहाजणींचं बोलणं कोण पोचवतं?"

"तुमचीच पेटी. शाळेला सगळ्यात जवळ ना."

"मग तिचा गळा बसणारच! आम्ही रात्री शेतात माळे बांधून रानडुकरांची राखण करायचो तेव्हा माळ्यावरून माळ्यावर हाळी जायची. मधल्या माळ्यावरचा तिसऱ्या दिवशी मुका. म्हणून पाळी लावली. शाळेपर्यंत आवाज जाईल अशा आणखी दोघी हायत ना खाली? आणि दहाजणींनी दहादा 'बरं हाय' कशाला सांगायचं? एकत्र एकदाच सांगा. बोंब मारायची ती डुक्कर आल्यावर."

मॅडमनी तिथंच पडवीत लॅपटॉप उघडला आणि तिघींत पाळी लावली.

श्रावणात एका दुपारी सगळ्यात वरची पेटी कलली. पाळी भरतच्या अंगणातल्या पेटीची होती. भोंगा वाजला, त्रेचाळीस माणसं शाळेत आली आणि तासाभरानं दरड खाली आली.

घटस्थापनेला मॅडमनी पेट्या उघडल्या. उरलेल्या दहाही जिवंत, फणसाखालच्या पेटीत निम्म्याहून जास्त जीव.

"काका, रेडिओला सेल आणू काय?" भरत खाली बघत म्हणाला.

"आण. आणि घाल पण तूच, सगळ्यांसमोर."

हिशोब असा लागला: एक पेटी मातीखाली, भरतची पडवी गेली, तिच्यात उभी मोटरसायकलही गेली. माणूस एकही नाही. आणि बिरवाडीपासून पाचाडापर्यंत ही गोष्ट सांगून सांगून रावजीचा गळा बसला. त्या सांगण्यात मात्र त्यानं पाळी लावायला कुणाला जवळ येऊ दिलं नाही.