सावळीराम गांगुर्डे परत आले होते

लताबाईंना वडील आठवत नव्हते. त्या पाळण्यात असतानाच सावळीराम गांगुर्डे फौजेत भरती झाले, मलायात पकडले गेले आणि तिथेच आझाद हिंद सेनेत शिरले. पुढे ते लढाईत गेल्याची बातमी पिंपळगावात आली. लताबाईंच्या आईने, मैनाने, वाट पाहून पाहून शेवटी दुसऱ्याशी पाट लावला.

आता लताबाईंनी चौऱ्याऐंशी वर्षं ओलांडली होती. एकलहऱ्याच्या वीज केंद्रातून निवृत्त झालेल्या त्यांच्या मुलाने, शेखरने, मनावर घेतलं: आजोबा नेमके कुठे पडले, ते शोधायचंच. माजी सैनिकांच्या एका मेळाव्यात त्याने नाव काढलं, तर इगतपुरीचे एक सुभेदार म्हणाले, "सावळीराम? पाय ओढत चालायचे ते? आमच्या गल्लीतच राहायचे की! मी शाळेत होतो तेव्हा."

दुसऱ्याच दिवशी शेखर इगतपुरीला गेला. सावळीराम ज्या चाळीत राहिले, तिच्या मालकाची मुलगी लंकाबाई अजून तिथेच होती.

"आले होते ना बाबा ते माघारी," ती म्हणाली. "लढाई सरल्यावर सुटले अन् थेट गावाला गेले. वेशीवरच कुनीतरी सांगितलं, मैनानं पाट लावला. मी आलो व्हतो हे बोलू नका म्हनून त्याला हात जोडले अन् तसेच फिरले. म्हनायचे, तिचं काय चुकलं? मेलेल्या मानसाची वाट किती बघायची?"

"पण लेकीला तरी भेटायचं ना, मावशी."

"लेकीच्या लग्नाचं कानावर आलं, तवा गेले होते की. अक्षता टाकून आले. मग लय दिस कुनाशी बोलले नाय."

सावळीराम शहाऐंशी साली वारले. शेखर तेव्हा नोकरीला लागला होता. मित्रांबरोबर पावसाळ्यात इगतपुरीला कितीदा तरी गेला होता. त्या गल्लीवरूनही गेला असेल.

आईला सांगू नये, असं त्याला वाटेत सारखं वाटत होतं. तरी घरी येऊन त्याने सगळं सांगितलं.

लताबाई म्हणाल्या, "मांडवात कडेला एक माणूस उभा होता. लंगडत गेला. होता ना? का मीच आता तसं मनात आणतेय?" पदराने त्यांनी डोळे टिपले. "नवरीनं मान वर करायची नसायची रे तेव्हा."

शेखरने पुढे केलेला पाण्याचा पेला त्यांनी नुसता हातात धरला.

"जेवून तरी गेले का ते?"

लंकाबाई तसं काही बोलली नव्हती.

"हो," शेखर म्हणाला. "पोटभर जेवले."