सुमनकाकूच्या कुड्या

माघातलं कोवळं ऊन ओसरीवर उतरलं, की त्या उन्हाकडे पाठ करून सुमनकाकू बसायची. तिच्या खांद्यावरून ओघळलेला उजेड मांडीवरच्या मलमलीवर पडायचा, आणि मलमलीवर ठेवलेल्या सात-सात खड्यांच्या दोन कुड्या हळूहळू जाग्या व्हायच्या. समोरच्या भिंतीवर आधी प्रकाशाचा एक ठिपका थरथरायचा, मग दोन, मग मूठभर. येडशीच्या स्टेशनात शिरणाऱ्या गाडीची शिटी शिवारावरून तरंगत यायची, रामलिंगाच्या रानातून भरकटलेलं एखादं वानर पत्र्यावरून धडधडत जायचं, पण काकूची मान वर व्हायची नाही. आज तिला आठवायला बसले की आधी ते ठिपके दिसतात, चेहरा मागाहून येतो.

ती माझ्या धाकट्या चुलत्यांची बायको. बोलणं मोजकं, हसणं त्याहून मोजकं. तिचं सगळं वाङ्मय तिच्या बोटांत होतं. अगदी मऊ केसांचा एक ब्रश, बोंडातून नुकताच सोडवलेला कापूस, खडूची वस्त्रगाळ पूड आणि पत्र्याची एक चपटी डबी, एवढाच तिचा संसार त्या वेळी तिच्यापुढं मांडलेला असे. ब्रश ती खड्यावरून असा फिरवायची, जसा झोपलेल्या लेकराच्या कपाळावरून कुणी हात फिरवावा. अत्तर, पावडर, वेणी सगळं झाल्यावर शेवटी कुड्या कानांत, आणि उतरवताना सर्वांआधी कुड्या, हा तिचा नेम. घाम टिपून, कोरड्या करून डबीत ठेवायची. डबीत खडूचा एक तुकडा कायम असे, ओल शोषून घ्यायला.

या कुड्या आमच्या अज्जीनं, म्हणजे काकूच्या सासूनं, लग्नात तिच्या कानांत घातल्या होत्या. अज्जीचं माहेर उमरग्याच्या पलीकडं, कानडी मुलखाला लागून. त्या बाजूचे हिरे म्हणून गावात त्यांचा लौकिक होता, आणि अज्जीची मान त्या लौकिकानं नेहमी दोन बोटं वर असायची.

आमच्या घरात लग्नाच्या सकाळी दागिन्यांना न्हाऊ घालतात. पितळी परातीत रिठ्याचं कढत पाणी, त्यात घरातल्या बायकांचं सगळं सोनं-मोती एकत्र, आणि परातीपाशी बसण्याचा मान सुमनकाकूचा. कारण हात तिचा, आणि भरवसाही तिचाच. तिच्या कुड्या मात्र त्या पाण्यात कधी उतरल्या नाहीत. कुणी विचारलं तर म्हणायची, "हिऱ्यास्नी पान्याची दिठ लागती." बायका हसून सोडून द्यायच्या.

मी नाही सोडलं. लातूरला कॉलेजात जाऊन मी शहाणी झाले होते ना! हिरा जगातली सगळ्यांत कठीण वस्तू, त्याला पाणी काय करणार, असं माझं ताजं ज्ञान. माझ्या लग्नाच्या सकाळी काकू बांगड्या भरणारीला आणायला वेशीपर्यंत गेली. मला वाटलं, जन्मभर ही बाई सगळ्यांचे दागिने उजळते, आज हिचे आपण उजळावेत. प्रेमापोटीच केलं, हे आजही सांगते. पण त्या प्रेमात माझ्या शहाणपणाचा तोराही होता, हेही सांगायला हवं. डबी उघडली आणि दोन्ही कुड्या वाफाळत्या परातीत सोडल्या.

पाण्यावर आधी चंदेरी पन्नीचा एक इवलासा तुकडा तरंगत आला. मग दुसरा. मी घाईनं कुड्या बाहेर काढल्या, तोवर चौदाच्या चौदा खडे आंधळे झाले होते. ती हिऱ्यांची चमक नव्हतीच. काचेमागं बाभळीच्या डिंकानं चिकटवलेल्या पन्नीची होती. कढत पाण्यात डिंक विरघळला, आणि तळहातावर राहिले काचेचे राखाडी डोळे. 

काकू दारात आली ती या क्षणाला. खोली बायकांनी भरलेली. अज्जीला अव्वा म्हणणाऱ्या माझ्या थोरल्या आत्यानं माझ्या हातातली कुडी उचलली, उजेडात धरली आणि विचारलं, "सुमन, आमच्या अव्वाचे हिरे कुठं गेले?"

काकूनं एकदा खोलीच्या कोपऱ्यात पाहिलं. तिथं अज्जी हळकुंडं निवडत बसली होती. अज्जीची मान खाली होती.

"मला मिळाल्या तशाच हाईत त्या," काकू म्हणाली.

"खोट्या मिळाल्या व्हय? अव्वा खोटं देईल तुला?"

काकू परातीपाशी वाकली. परातीतल्या पन्न्या बोटांनी टिपल्या, कुड्या पदरात बांधल्या आणि चुलीकडं गेली. दुपारी तेरखेड्याच्या शोभेच्या दारूकामानं मांडव दणाणला, माझ्यावर अक्षता पडल्या, आणि मला दिसत राहिली ती तिच्या कानांची मोकळी भोकं.

हिरे विकले, माहेरी पोचवले, असं लोक आपापल्या मगदुराप्रमाणं बोलत राहिले. उघड शिक्षा कुणी केली नाही. फक्त पुढच्या लग्नापासून परातीपाशी आत्या बसू लागली, आणि सुमनकाकूला भाकरी थापायला पाठवण्यात येऊ लागलं. ती थापायची. आणि मी? मला आजही लाज वाटते, पण मलाही वाटत होतं की हिनंच विकले असतील, काही अडचण असेल बिचारीची. मी तिला मनातल्या मनात माफ करून टाकलं होतं, जणू तो अधिकार माझा होता.

पुढं एका दिवाळीत तिनं मला शेजारी बसवून सगळं शिकवलं. पन्नी नखाएवढी कशी कातरायची, डिंकाचा थेंब काडीच्या टोकावर कसा घ्यायचा, खडा बसवून दिवसभर सावलीत कसा वाळू द्यायचा. कुड्या पुन्हा उजळल्या होत्या. डबी माझ्या हातात देत म्हणाली, "तूच ठीव. तुला आता पान्याचं ठाऊक झालंय." तिच्या आवाजात टोमणा नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. त्याच वेळी विचारायला हवं होतं. मी विचारलं नाही, आणि दोन पावसाळ्यांनंतर ती गेली.

गेल्या माघात तिच्या मुलाचं, महेशचं लग्न झालं. आईची एक तरी वस्तू नव्या सुनेच्या अंगावर असावी, म्हणून मी डबी घेऊन आले. पुन्हा तीच पितळी परात, रिठ्याचा तोच उग्र वास. या घरात तीनच वर्षांपूर्वी आलेल्या माझ्या भावजयीनं डबी उघडली, "किती सुंदर!" म्हणाली आणि कुड्या पाण्यावर नेल्या. मी धावले, पण माझ्याआधी कोपऱ्यातून आवाज आला.

"ब्याड! ब्याड!" अज्जी माहेरच्या भाषेत ओरडली होती, नको, नको. मग धापा टाकत मराठीत, "त्यास्नी पानी लावू नगा गं. त्या पयल्यापासनं तशाच हाईत. म्याच दिल्या तशा. सुमनला ठाऊक व्हतं."

 आत्याचा हात परातीतच राहिला. अज्जीनं कुड्या मागून घेतल्या, पदरानं पुसल्या आणि कुणाकडेही न बघता म्हणाली, "बोलली न्हाय ती. मला वाटलं, बोलंल."

खरे हिरे कधी गेले, की कधी नव्हतेच, हे मी तिला विचारलं नाही. मला फक्त काकूचं ते वाक्य ऐकू येत होतं. मला मिळाल्या तशाच हाईत त्या. भर खोलीत तिनं खरं तेच सांगितलं होतं, आणि आमच्यापैकी एकीनंही ते ऐकलं नव्हतं. सासूची मान वर राहावी म्हणून ही बाई जन्मभर काचेमागं पन्नी चिकटवत राहिली, आणि तिची स्वतःची मान मी एका परातभर पाण्यात खाली घालायला लावली.

अज्जीच्या हातातल्या कुड्यांवर ऊन पडलं होतं, आणि भिंतीवर प्रकाशाचे ते जुने ठिपके थरथरत होते. ज्या एका वाक्याची सुमनकाकूनं इतकी वर्षं वाट पाहिली, ते अखेर या घरात उच्चारलं गेलं. फक्त ओसरीवरची, उन्हाकडे पाठ करून बसायची तेवढी जागा रिकामी होती.