मंदाला परत कोणी आणलं

जळगावच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कुंदा भारंबेला सगळे सीआयडी म्हणायचे. ती फैजपूरच्या केळीवाल्या घरातली, नोकरीसाठी जळगावात खोली घेऊन राहणारी. ट्रंक कॉलच्या बोर्डवर बसून बसून तिचा कान असा तयार झाला होता, की पलीकडच्यानं नुसतं 'हॅलो' म्हटलं तरी माणूस कोण, तो खरं बोलतोय की थाप मारतोय, हे तिला कळायचं. निदान तिला तसं वाटायचं. ही सवय मग बोर्डपुरती राहिली नाही. दूधवाला 'म्हैस आटली' म्हणाला तरी ती त्याच्याकडे डोळे बारीक करून बघायची.

तिचा विश्वास एकाच माणसावर होता. त्या माणसाला तिनं कधी पाहिलं नव्हतं. त्याचं नाव ध्रुवांक.

ध्रुवांक 'शततारका' मालिकेचा लेखक. भडक मुखपृष्ठाची ही पातळ पुस्तकं धुळ्याला छापली जायची आणि खान्देशातल्या एसटी स्टँडांवर मिळायची. शततारका हे अंतराळयान, त्याचा कप्तान भार्गव आणि यानाची इंजिनिअर मंदा. कुंदा कॉलेजात असल्यापासून ही पुस्तकं वाचत होती. 'कर्कोटची संध्याकाळ' या भागात कर्कोट नावाच्या ग्रहावरचं काळदार उघडं राहतं आणि सगळं यान त्यात ओढलं जाऊ लागतं. ते दार फक्त आतून लावता येतं. मंदा आत जाते, दार लावते, यान सुटतं. मंदा मागे राहते. हा भाग वाचून कुंदा दोन वेळा जेवली नव्हती. पण लेखकानं फसवलं नाही, याचं तिला आत कुठंतरी समाधानही वाटलं होतं.

आणि अठ्ठ्याऐंशीच्या उन्हाळ्यात मंदा परत आली.

नवा भाग शनिपेठेतल्या सकीनाच्या दुकानात आला होता. सकीना ही गफूरचाचांची मुलगी. चाचा पुढच्या बाजूला पुस्तकांची बांधणी करायचे आणि सकीना मागच्या खोलीतून भाड्यानं पुस्तकं द्यायची. कुंदाची आणि तिची मैत्री याच मालिकेवरून जमली होती.

"वाचलंस?" कुंदानं पुस्तक काउंटरवर आपटलं. "भार्गवनं बाहेरून दार उघडलं! दुसऱ्या किल्लीनं! ही दुसरी किल्ली आली कुठून?"

"असेल कुठं ठेवलेली," सकीना म्हणाली.

"असेल कशी? दार फक्त आतून लागतं आणि आतूनच उघडतं, हे त्यानंच लिहिलंय. किल्ली होती तर मंदा आत गेली कशाला? मग इतके दिवस आपण रडलो ते काय वेड्या म्हणून?"

"अगं, गोष्ट आहे."

"गोष्ट खोटी असली म्हणून तिच्यातले नियम खोटे चालत नाहीत, सकीना. आपण यान उडतं हे मानतो, दोन सूर्य मानतो. सगळं मानतो, कारण लिहिणारा आपल्याशी सरळ वागतो. हा सरळ वागलेला नाही. आणि हा ध्रुवांक नाहीच. पानापानावर माणसं 'हा हा हा' करून हसतात. ध्रुवांकची माणसं अशी हसायची का कधी? दुसरंच कुणीतरी त्याच्या नावावर लिहितंय."

सकीनानं पुस्तक उचललं आणि फडताळात ठेवलं. ते ठेवताना तिनं पाठ फिरवली ती जरा जास्तच वेळ फिरवली, असं कुंदाला वाटलं.

मग पुस्तकाच्या सुरुवातीची ओळ तिच्या डोक्यात घोळायला लागली. 'जळगावच्या एका वाचकभगिनीच्या प्रेमळ आग्रहास्तव.' जळगावात शततारका वाचणाऱ्या बायका किती? आणि त्यातल्या प्रकाशकाला ओळखणाऱ्या किती? धुळ्याहून पुस्तकांचे गठ्ठे घेऊन प्रकाशक बन्सीलाल स्वतः सकीनाच्या दुकानी यायचा.

कुंदानं विचारलं नाही. बोर्डवर ती शिकली होती, की संशय आला तर लगेच बोलायचं नाही, ऐकत राहायचं. ती फक्त एवढंच म्हणाली, "रविवारी मी धुळ्याला चाललेय. छापखान्यात जाऊन विचारणार. येतेस?"

सकीना नाही म्हणेल अशी तिची खात्री होती. सकीना म्हणाली, "येते."

त्यामुळे तर संशय आणखी वाढला.

एसटी एरंडोल, पारोळा करत धुळ्याला पोचेपर्यंत दोघी इकडचं तिकडचं बोलल्या. मंदाचं नाव कुणीच काढलं नाही. छापखाना जुन्या धुळ्यातल्या एका गल्लीत होता. दारातच शाईचा वास. आत बन्सीलाल लग्नपत्रिकांचे कागद मोजत बसला होता. जाडसर, हसऱ्या तोंडाचा माणूस. सकीनाला बघून तो उठला. "या, या सकीनाबेन! आज इकडे कुठे?"

त्याच्या मागे खुर्चीत चष्मा लावलेले एक वयस्क गृहस्थ मुद्रितं तपासत होते. बन्सीलाल आणखी काही बोलायच्या आत कुंदानं विचारलं, "ध्रुवांक कुठे राहतात? मला भेटायचंय."

बन्सीलालनं मागे हात केला. "हे काय समोर बसलेत. पंडितनाना सोनवणे. शततारका यांचीच."

कुंदा गडबडली. तिनं मनात तयारी केली होती ती टाळाटाळ ऐकायची. लेखक बाहेरगावी आहेत, आजारी आहेत, असं काहीतरी. नाना मात्र सरळ उठून नमस्कार करते झाले.

"नाना," ती म्हणाली, "खरं सांगा. हा नवा भाग तुम्ही लिहिलाय?"

"मीच लिहिला."

कुंदानं आवाज नीट ऐकला. माणूस खरं बोलत होता. "मग दुसरी किल्ली?"

"यानाची इंजिनिअर आहे ती. एक जादा किल्ली करून ठेवली असेल तिनं, त्यात काय?" नाना हसले. ते अगदी पुस्तकातल्यासारखं हसले, हा हा हा. कुंदाच्या अंगावर काटा आला.

"पण मग 'कर्कोटची संध्याकाळ' लिहिताना तुम्हाला ती किल्ली माहीत नव्हती?"

नानांचं हसू गेलं. त्यांनी बन्सीलालकडे पाहिलं. बन्सीलाल कागदांकडे बघायला लागला.

"सांगून टाक ना आता," नाना त्याला म्हणाले. मग कुंदाकडे वळून, चिडलेल्या आवाजात, एकदम घरच्या अहिराणीत आले, "ते मी लिहिलं नाही, ताई. मंदा मनी शे, माझी आहे. भार्गव मना, यान मनं, बठ्ठं मनं शे. माझी नरडाण्याला बदली झाली, लिहायला वेळ होईना. तर या बन्सीनं माझ्या नावावर दुसऱ्याकडून लिहून घेतलं. मला वर्षानं कळलं, की माझी मंदा कुणीतरी ग्रहावर टाकून दिली! मी रिटायर झालो, परत आलो, आणि पहिलं काम केलं ते तिला घरी आणायचं."

कुंदा बाकावर बसली. तिचा कान चुकला नव्हता. लिहिणारी माणसं खरंच दोन होती, आणि कॉलेजपासून तिनं वाचलं ते दुसऱ्याचं होतं. पण तिनं खऱ्याला खोटं ठरवलं होतं. ज्याच्यासाठी ती भांडायला आली होती, तोच उपरा होता.

"आणि जळगावच्या वाचकभगिनी?" तिनं विचारलं. ती बन्सीलालशी बोलत होती, पण बघत होती सकीनाकडे.

"या काय इथेच आहेत," बन्सीलाल म्हणाला. "दर वेळी गठ्ठा उतरवला की एकच. मंदाला आणा, मंदाला आणा."

सकीनानं मान खाली घातली नाही. "हो, मी म्हटलं. त्यात काय चोरी केली? आमच्या मोहल्ल्यात दुपारी मी ही पुस्तकं वाचून दाखवते. हमीदाखालाला डोळ्यांनी दिसत नाही. दर महिन्याला विचारते, मंदा आली का गं? काय सांगू तिला? 'नाही' म्हणायचा मला कंटाळा आला."

"मला सांगायचं होतंस."

"तू काय म्हणाली असतीस ते मला पाठ आहे."

कुंदानं बन्सीलालकडे वळून विचारलं, "मधले भाग लिहिले कोणी?"

"माझी मोठी बहीण. यशोदाअक्का," बन्सीलाल म्हणाला. "देवपूरला राहते. शाळेत शिकवायची. पण तिच्यासमोर माझं नाव काढू नका. तिलाच आधी म्हटलं होतं, मंदाला परत आण. तिनं लेखणीच खाली ठेवली. तेव्हापासून राखीसुद्धा पोस्टानं पाठवते."

पांझरेचा पूल ओलांडून दोघी देवपूरला गेल्या. रिक्षात कुंदा एका कडेला, सकीना दुसऱ्या कडेला. कुंदाच्या मनात आता नवीनच शंका येत होत्या. बन्सीलाल नीट सांगतोय कशावरून? नानांना राग येऊ नये म्हणून बहिणीचं नाव पुढे केलं असेल तर?

यशोदाबाई अंगणात पापड वाळत घालत होत्या. उंच, सडसडीत, पांढरी झालेली वेणी. कुंदानं कशासाठी आलो ते सांगितलं. त्यांनी आनंद दाखवला नाही, नवलही नाही. पाणी दिलं आणि म्हणाल्या, "बन्सीनं पाठवलं का?"

"नाही अक्का. त्यांनी फक्त पत्ता दिला."

"हं. समजूत काढायला माणसं पाठवायची त्याची जुनी खोड आहे." बाईंनी दोघींना वरपासून खालपर्यंत पाहिलं. कुंदाला ही नजर ओळखीची वाटली. ती स्वतः दूधवाल्याकडे अशीच बघायची.

"अक्का, मी भांडायला आलेली नाही," कुंदा म्हणाली. "तुम्ही बरोबर केलंत. मंदा मेली म्हणजे मेली. मेलेल्यांना परत आणून गोष्ट नासवली त्यांनी."

यशोदाबाईंनी पापड उलटा करायचं थांबवलं. "मेली? कोण म्हणालं मेली?"

"म्हणजे... दार लावलं ना तिनं."

"दार लावलं असं लिहिलंय मी. मेली असं कुठं लिहिलं? दाखव."

कुंदानं तोंड उघडलं. पानन् पान तिला पाठ होतं. त्यात तसा शब्द नव्हता. सकीना पदरात तोंड घालून हसत होती, हे तिला न बघताही कळलं.

"मग ती परत येऊ शकते!" सकीना पटकन म्हणाली.

"नाही येऊ शकत," बाई तिच्याकडे वळल्या. "बन्सीलाही हेच समजेना. ती जिवंत आहे आणि ती येणार नाही. तुम्हाला दोन्हींतलं एकच का लागतं? मी शाळेत इतक्या मुली पाहिल्या. सातवी झाली की लग्न करून साक्रीकडे, नवापूरकडे, कुठं कुठं गेल्या. पुन्हा कधी दिसल्या नाहीत. म्हणून त्या मेल्या का?"

"मग तिचं काय झालं?" कुंदानं विचारलं. तिचा आवाज तिलाच लहान मुलीसारखा वाटला.

बाई पापडाकडे बघत सांगायला लागल्या. कर्कोटवर संध्याकाळ मावळतच नाही. मंदानं आधी खूप आरडाओरडा केला. मग यानाच्या तुटलेल्या पत्र्याची चूल केली. तिथल्या दगडांच्या फटीत एक राखाडी शेवाळ येतं, ते शिजवलं तर कडू लागतं, पण दोनदा शिजवलं तर चालतं, हे तिला पोट बिघडून बिघडून कळलं. तिच्याकडच्या रेडिओवर कधीमधी भार्गवचा आवाज यायचा. तो दुसऱ्यांशीच बोलत असायचा. तिला ऐकू यायचं, त्याला नाही. पुढे तो आवाजही लांब गेला. तेव्हा तिनं रेडिओ उकलला आणि त्याच्या तारांची शेवाळ वाळवायची जाळी केली.

"तेव्हा ती रडली?" सकीनानं विचारलं.

"जाळी चांगली झाली म्हणून खूश होती," बाई म्हणाल्या.

कुंदानं इतका वेळ आवाज ऐकला होता. त्यात कुठंही थाप नव्हती. "हे लिहा ना, अक्का. तुमच्या नावावर."

"मंदा पंडितची. माझ्या नावावर लिहायचं तर नाव बदलावं लागेल. मग ती दुसरीच कुणीतरी होईल." त्यांनी पुढचा पापड उलटा केला. "तुम्हाला सांगितलं, झालं. आता बन्सीला जाऊन सांगू नका."

परतीच्या एसटीत खिडकीची जागा सकीनानं कुंदाला दिली. पारोळा आलं.

"माझ्यावर संशय होता ना तुझा?" सकीना म्हणाली.

"होता."

"खरा निघाला म्हणून बरं वाटत असेल."

"नाही वाटत," कुंदा म्हणाली. आणि खरंच वाटत नव्हतं. "तू गप्प राहिलीस, ते लागलं."

"तुझ्याशी बोलायचं म्हणजे साक्ष द्यायची, कुंदा. माणूस गप्पच बसतो."

कुंदानं पिशवीतून शेंगदाणे काढले आणि पुडी दोघींच्या मध्ये ठेवली.

पावसाळ्यात शततारकाचा पुढचा भाग आला. कुंदानं तो घेतला नाही. नानांची किल्ली ती मानत नव्हती, आणि मानणारही नव्हती, ते तिनं गफूरचाचांनाही ऐकवलं. पण ड्युटी संपल्यावर ती दुकानाच्या पायरीवर येऊन बसली. पुस्तकाकडे न बघता म्हणाली, "काय केलं म्हणे त्यानं या वेळी?"

सकीना शेजारी येऊन बसली आणि सांगायला लागली. मंदा यानात परत आली, पण आता तिला दिव्याचा उजेड सहन होत नाही, ती इंजिनाच्या खोलीतच अंधारात बसून असते, आणि भार्गव...

"खोटं," कुंदा म्हणाली. "कर्कोटवर अंधार नसतोच."

"ऐकायचंय की नाही?"

कुंदानं पायरीवर पाय वर घेतले. "बरं. मग भार्गवनं काय केलं?"