चौथं पान

सासूच्या हाती दिलेलं पाकीट पेणच्या टपालात पडलंच नाही, हे अनिताला दुसऱ्या दिवशी कळलं. धोंडुबाई ओट्यावर वाल निवडत होत्या, आणि सहज बोलून गेल्या की एवढ्याशा पाकिटासाठी बाजाराच्या दिवशी पेणच्या टपालात कोण ताटकळणार, काल जाता जाता गावातच हैबतरावांच्या हातात दिलं, गावचाच माणूस. सुनेच्या तोंडचं पाणी का पळालं, ते सासूला समजलं नाही.

अनिता गावची अंगणवाडी सांभाळून पत्राद्वारे समाजकार्याची पदविका करत होती. शहाण्णव साल होतं. महिन्यातून एक रविवार रोह्याच्या केंद्रात वर्ग, बाकी सगळं शिक्षण टपालानं. स्वाध्याय बुक पोस्टानं पाठवायचे. ते स्वस्त पडतं, पण पाकिटाचं तोंड डकवायचं नाही. आत काय आहे ते टपालवाल्याला बघता आलं पाहिजे, असा नियम. गोपनीयतेवर अख्खा धडा छापायचा आणि त्याचीच उत्तरं उघड्या पाकिटात मागवायची, असली ही शहाणी माणसं.

या खेपेला एका कुटुंबाची हकिकत लिहायची होती. अनितानं गिरजाबाईंची लिहिली. गिरजाबाई विधवा, मुलगी प्रतीक्षा दहावीत. दिरानं पोरीचं लग्न डोलवीच्या तिशी उलटलेल्या माणसाशी परस्पर ठरवलं होतं. सोमवारी सकाळच्या गाडीनं जित्याच्या स्टेशनातून निघायचं आणि पोरीला रोह्याच्या वसतिगृहात ठेवायचं, हा बेत गिरजाबाईंनी एकट्या अनिताला सांगितला होता. अनितानं नावं तेवढी बदलली. डोलवी, जिते, सोमवार, सगळं चौथ्या पानावर जसंच्या तसं राहिलं. आणि तो दीर म्हणजे गावचं टपाल बघणारे हैबतराव. म्हणूनच तर पाकीट पेणला टाकायचं होतं.

ती तशीच टपालात गेली. हैबतराव शिक्के पुसत बसले होते. थैली दहालाच गेली, म्हणाले. मग शिक्क्यावरची नजर न काढता त्यांनी विचारलं, "सोमवारी तुझी अंगणवाडी उघडी हाय ना गो?"

आजवर त्यांनी अंगणवाडीची चौकशी कधी केली नव्हती.

गप्प बसावं, कदाचित त्यांनी वाचलंही नसेल, असं परतीच्या वाटेवर अनिताचं मन सांगत होतं. पण तो भित्रेपणा होता, आणि तिलाही ते ठाऊक होतं. ती सरळ गिरजाबाईंच्या घरामागच्या परड्यात शिरली आणि जे केलं ते सगळं सांगून टाकलं.

गिरजाबाईंनी हातातला कोयता खाली ठेवला. "माझं दुखणं तू मार्कांसाठी लिवलंस?"

"व्हय काकी," अनिता म्हणाली. मग तिनं एवढंच सांगितलं की सोमवारची वाट बघू नका, आज दुपारच्या गाडीनंच निघा.

प्रतीक्षाला शाळेतून तशीच गणवेशात आणली. रस्ता टपालावरून जातो म्हणून तिघी शेताच्या बांधावरून जित्याला गेल्या. गाडीला उशीर होता. फलाटावर गिरजाबाई अनिताकडे पाठ करून बसल्या. लांबून एक सायकल येताना दिसली तशी त्यांनी पोरीचं मनगट घट्ट धरलं. सायकल फाटकातून पलीकडे निघून गेली, तरी त्यांनी ते सोडलं नाही. गाडी हलली तेव्हा कुठे अनिताचा जीव भांड्यात पडला. रोह्याला वसतिगृहातल्या बाई सोमवारीच या म्हणून अडून बसल्या. अनितानं तिथंच अर्ज लिहिला, दोन तास दारातून हलली नाही, आणि पोर आत गेली.

सोमवारी सकाळी हैबतराव दोन माणसं घेऊन जित्याच्या स्टेशनात बसलेले गावानं पाहिले.

त्यांनी भावजयीशी बोलणं टाकलं. गिरजाबाईंनी अनिताशी टाकलं. पाणवठ्यावर समोरासमोर आल्या तरी त्या मान वळवून जात, आणि अनिताला ते हैबतरावांच्या रागापेक्षा जास्त लागे.

दोन महिन्यांनी स्वाध्याय तपासून परत आला. शेवटी लाल शाईत शेरा होता: "गोपनीयतेचे तत्त्व उत्तम पाळले आहे. चौथे पान मिळाले नाही, ते पुन्हा लिहून पाठवावे." अनिताला हसावं की रडावं कळेना. ती कागद घेऊन गिरजाबाईंच्या दारात गेली आणि आत न जाता पायरीवरच बसली. पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं वाचून दाखवलं, लाल शेरासुद्धा. मग विचारलं, "काकी, ते पान परत लिवू का? नाय म्हणालात तर नाय लिवणार."

गिरजाबाईंनी चुलीतली लाकडं पुढंमागं केली. हे अनितानं पहिल्यांदा लिहायच्या आधी विचारायला हवं होतं, ते दोघींनाही कळत होतं.

"लिव," गिरजाबाई म्हणाल्या. "पोर रोह्याला पोचली, ते पन लिव. आन या टायमाला पाकीट डकव गो."