रंग ओळखायचा खेळ

“आत्याला हरभऱ्याच्या झाडावर चढवू नकोस गं. तिला उतरता येत नाही,” आई म्हणाली होती. लेकीनं ते हसण्यावारी नेलं. कॉलेज शिकलेली पोर. आईचं बोलणं तिला जुनं वाटायचं.

आत्या गल्लीच्या टोकाला एका खोलीत शिवणकाम करायची. कोऱ्या कापडाचा आणि मशीनच्या तेलाचा तो वास! स्वतःला मुलगी झाल्यापासून ही भाची दर आठवड्याला तिथंच असायची. दुकानातला कपडा टोचेल, बटण तुटून पोरीच्या घशात जाईल, अशा तिच्या शंभर शंका. आत्यानं लावलेलं बटण मात्र बैलानं ओढलं तरी निघालं नसतं.

“आत्या, एकच झबलं. तुझ्या हाताची सर कुणाला आहे का?”

“पुरे, लोणी लावू नकोस,” म्हणत आत्या कापड ओढून घ्यायची.

झबली झाली, फ्रॉक झाले. तिची तीन वर्षांची ठकी मशीनपाशी रिळं मांडून बसू लागली. “ठकूबाई, निळं रीळ द्या. आता पिवळं.” आत्या खेळता खेळता पोरीला रंग शिकवते, हे तिनं चार जणींना कौतुकानं सांगितलं.

एका दुपारी ठकीनं मुद्दाम हिरवं रीळ दिलं आणि तोंडावर हात दाबून हसत राहिली. आत्यानं ते मशीनवर चढवलं. निळ्या फ्रॉकवर हिरवी शिवण सरसर शेवटपर्यंत गेली.

ठकीची आई आत्याच्या जवळ सरकली. “आत्या, कधीपासून दिसत नाहीये?”

“दिसतं की. अंदाजानं.” आत्या अंगठ्यानं शिवण चाचपत होती. “तू एवढं कौतुक करायचीस. नाही कसं म्हणू?”

डॉक्टरांकडे यायला मात्र आत्या तयार होईना. मग पुन्हा तोच गोडवा कामी आला. “तुझ्यासारखी काजं कोण करणार? ठकीचा शाळेचा गणवेश तुझ्याच हातचा हवा. त्यासाठी तरी डोळे दाखव.”

“लबाड आहेस,” आत्या हसली आणि पायानं चपला शोधू लागली.

उजवा डोळा वाचला. डाव्याला उशीर झाला होता. गणवेश शेवटी दुकानातूनच आला.

ते दिवस गोड होते, खोटं कशाला बोला! पण तुमच्याही नात्यात अशी कुणी असेल, कौतुकापुढं नाही न म्हणणारी. आज सहज जा. काम सांगू नका. नुसतं समोर बसा आणि तिला नीट दिसतंय ना, तेवढं बघून या.