पेन खाली ठेवा

कॉलेजात त्यांना सगळे अंगठासर म्हणत. तोंडावर नाही अर्थात. तोंडावर ‘सर’, आणि पाठ वळली की अंगठासर. त्यांना ते ठाऊक होतं आणि त्यात त्यांना वावगंही वाटत नसे, कारण ते नाव त्यांनी स्वतःच्या हातानं कमावलं होतं.

पहिल्या वर्षाच्या पोरांना वीज आणि चुंबकत्व शिकवायचं म्हणजे एक गोष्ट डोक्यात पक्की बसवावी लागते. तारेतून प्रवाह गेला की तारेभोवती चुंबकीय क्षेत्र गोल तयार होतं, आणि ते कुठल्या बाजूनं वळतं हे सांगायला उजवा हात पुरतो. तार मुठीत धरली आहे असं समजायचं, अंगठा प्रवाहाच्या दिशेनं ठेवायचा. बोटं जशी वळतात तशी क्षेत्राची दिशा. एवढं सोपं. आणि एवढ्या सोप्या गोष्टीत दरवर्षी निम्मा वर्ग सपशेल तोंडावर आपटायचा. का आपटतो, हे अंगठासरांनी फार पूर्वीच शोधून काढलं होतं. परीक्षेत पोरांच्या उजव्या हातात पेन असतं. घाईत पेन खाली ठेवणार कोण? मोकळा असतो तो डावा हात वर जातो, आणि डाव्या हातानं सगळंच उलटं येतं.

म्हणून परीक्षा सुरू झाली की सर हॉलच्या दारातून डोकं आत घालून ओरडत, “पेन खाली ठेवा!” पर्यवेक्षक चिडायचे, पोरं हसायची. तरी काही महाभाग पेन खाली ठेवायचे नाहीतच.

त्या महाभागांपैकीच एक आता विभागप्रमुख झाला होता. विद्यार्थी असताना त्यानं सगळ्यात मोठ्या प्रश्नाला डावा हात वापरला. आकडे बरोबर, दिशा उलटी. सरांनी शून्य दिलं आणि तो नापास झाला. रडवेला होऊन आला, “सर, निदान आकड्यांचे तरी मार्क द्या.” सर म्हणाले, “मोटर उलटी फिरली तर तिला काय तुझे आकडे दाखवू?” तो पुन्हा परीक्षेला बसला, पास झाला, पुढं शिकून त्याच कॉलेजात आला. आणि ही गोष्ट तो नव्या माणसाला चहा पाजून सांगायचा, अगदी मिरवून.

सुट्टीत सरांना अर्धांगाचा झटका आला. वाकडं झालेलं तोंड सरळ झालं, पाय चालू लागला, डोकं तर शाबूतच होतं. उजवा हात तेवढा गेला. म्हणजे होता जागच्या जागी, खांद्याला लटकलेला, पण गरम कळेना, गार कळेना, डॉक्टरांनी टाचणी टोचली तरी कळेना.

आणि हातापेक्षा वाईट गोष्ट अशी, की त्याचं त्यांना दुःखही होईना. हॉस्पिटलात बायको रडली, मुलगी रडली, पाण्याच्या पाइपावरून वर्षानुवर्षं भांडणारा शेजारीसुद्धा डोळे पुसून गेला. सर मात्र त्या हाताकडे बघत बसले, जसं कुणीतरी आपलं सामान त्यांच्या मांडीवर ठेवून निघून गेलंय. घरी आल्यावर बायको रोज संध्याकाळी विचारायची, “आज कसं वाटतंय?” आणि सर रोज सांगायचे, “काही नाही.” एकदा तिनं हातातला चमचा आपटला. “अहो, निदान चिडा तरी! खेकसा माझ्यावर!” सरांनी जरा विचार केला. खेकसावंसं वाटत नव्हतं. उगाच खोटं कशाला खेकसायचं, म्हणून गप्प राहिले.

कॉलेज उघडलं तेव्हा विभागप्रमुख घरी आले. खुर्चीच्या कडेवर बसून म्हणाले, “सर, चुंबकत्वाचा भाग तुम्ही घ्या. शेवटच्या तासाला मी मागं येऊन बसेन. मग बघू.” ‘मग बघू’चा अर्थ घरातल्या सगळ्यांना कळला. जमलं तर वर्ग सरांचा. नाहीतर निवृत्त होईपर्यंत ग्रंथालयात एक खुर्ची, एक पंखा आणि येणाऱ्या-जाणाऱ्याचा नमस्कार. वर्ग गेला तर उरलेलं आयुष्य ‘काही नाही’ म्हणण्यातच जाणार, हे सरांना कळत होतं. फक्त कळत होतं, वाटत नव्हतं.

पहिल्या दिवशी ते वर्गात गेले आणि वर्ग चिडीचूप झाला. एरवी त्यांच्या तासाला बाजार भरायचा. मागून कागदाची विमानं उडायची, पुढचे वाद घालायचे, आणि सर त्या सगळ्यांवर आवाज चढवून शिकवायचे. आता पोरं मिठाची गुळणी धरून बसलेली. प्रश्न नाही, शंका नाही. सर डाव्या हातानं फळ्यावर लहान मुलासारखी अक्षरं काढत, आणि पोरं ती निमूट उतरवून घेत. सरांना वाटलं, पोरं शहाणी झालीत.

घोळ झाला तो इथंच. उजव्या हाताची सगळी कामं सुट्टीभर डाव्यानं घेतली होती. कंगवा डाव्याकडे, चमचा डाव्याकडे, दाराची कडी डाव्याकडे, खडूही डाव्याकडे. त्याच ओघात मूठसुद्धा डाव्याकडे गेली. तोंडानं सर म्हणाले, “उजवा हात वर करा,” आणि त्यांचा डावा वर गेला. आयुष्यभर जी चूक पोरांच्या मानगुटीवरून उतरवली, ती गुपचूप त्यांच्याच मानगुटीवर येऊन बसली, आणि त्यांना पत्ता नाही.

लक्षात यायला एक संधी होती, पण तीही हुकली. शेजारी-शेजारी दोन तारांतून एकाच दिशेनं प्रवाह सोडला तर त्या एकमेकींकडे ओढल्या जातात. हे हातानं काढायचं तर हात दोनदा लावावा लागतो: एकदा क्षेत्रासाठी, एकदा बलासाठी. डावा हात दोनदा लावला की एक चूक दुसरीला खाऊन टाकते आणि उत्तर बरोबर येतं. टेबलावर तारांऐवजी लावलेल्या दोन पातळ पट्ट्या सरांनी सांगितल्याप्रमाणे एकमेकींना येऊन चिकटल्या, आणि सर समाधानानं घरी गेले. समाधानानं म्हणजे, नेहमीसारखेच.

शेवटच्या तासाला विभागप्रमुख खरंच मागच्या बाकावर येऊन बसले. टेबलावर एक पुठ्ठा आडवा बसवलेला, त्याच्या मधून जाड तांब्याची तार उभी आरपार गेलेली, आणि तारेभोवती छोटी होकायंत्रं गोल मांडलेली. पोरं टेबलाभोवती जमली.

“प्रवाह खालून वर,” सर म्हणाले. लाल वायर तारेच्या खालच्या टोकाला होती, ती त्यांनी दाखवली. मग डावी मूठ वळवली, अंगठा वर केला. “वरून बघा. सुया घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं फिरलेल्या दिसतील.”

बटण दाबलं. सुया थरथरल्या आणि एकीच्या मागं एक अशा गोलात उभ्या राहिल्या. बरोबर उलट्या दिशेनं.

सर बघत राहिले. डोक्यात काहीच आलं नाही. त्यांच्याआधी पुढच्या रांगेतला एक मुलगा घाईघाईनं बोलला, “सर, बॅटरी उलटी लागली असेल.”

“हो सर, वायरी बदलल्या असतील,” दुसरा म्हणाला.

“होतं असं,” म्हणत विभागप्रमुख मागून लगबगीनं आले, लाल वायर वर लावली, काळी खाली लावली आणि बटण दाबलं. सुया गर्रकन अर्ध्या फिरल्या. आता त्या सरांनी सांगितलं तशाच होत्या. वर्गानं सोडलेला श्वास ऐकू आला. विभागप्रमुख परत जाऊन बसले, आणि सरांनी खडू उचलला.

“सर, एक मिनिट.”

ही मुलगी नवी होती. उशिरा प्रवेश मिळालेली, त्याच सकाळी वर्गात आलेली. तिला अजून कुणी टोपणनावसुद्धा दिलं नव्हतं. “आता लाल वायर वरच्या टोकाला आहे ना? म्हणजे प्रवाह वरून खाली जातोय. तुम्ही खालून वर म्हणाला होतात. आधीच बरोबर लागलं होतं.”

“गप ना,” तिच्या बाजूची कुजबुजली.

“का पण? सर, तुमचं उत्तर उलटं आलं, कारण तुम्ही डावा हात धरलाय.”

“अगं, सांगायचं नाही असं ठरलंय!” बाजूची म्हणून गेली, आणि मग तिनं तोंडावर हात ठेवला.

सरांनी खडू खाली ठेवला. “कुणी ठरवलं?”

माना खोटं बोलत नाहीत. एकेक मान मागच्या बाकाकडे वळली.

विभागप्रमुख उभे राहिले. वर्गात उत्तर न आलेलं पोर उभं राहतं तसे. “मी सांगितलं होतं, सर. म्हटलं, सरांचं काही चुकलं तर बोलू नका, मला येऊन सांगा. मी नंतर नीट समजावून देईन.”

“आले सांगायला?”

“आले.”

“कधी?”

“पहिल्याच दिवशी.”

म्हणजे पहिल्या दिवसापासून सगळ्यांना माहीत होतं. आपण समोर उभं राहून उलटं शिकवत होतो, पोरं ते माना डोलावत ऐकत होती, आणि मग पलीकडच्या खोलीत जाऊन सुलटं शिकत होती. ती शांतता शहाणपणाची नव्हती. आजाऱ्याच्या खोलीत पाळतात तशी होती.

सरांच्या कानशिलांत काहीतरी झालं. आधी वाटलं, दुसरा झटका. ते टेबलाला धरून उभे राहिले आणि वाट बघू लागले. पण तोंड वाकडं झालं नाही, पाय लटपटला नाही. कान नुसते तापत गेले, मग गाल, मग मान. आणि मग त्यांनी ते ओळखलं. ती लाज होती. साधी, भर वर्गात वाटते तशी लाज. आणि तिच्या मागोमाग राग. इतक्या दिवसांनी आलेली ती दोघं त्यांना घरच्या माणसांसारखी वाटली.

“तुला मी काय दिलं होतं?” त्यांनी विचारलं. पोरांसमोर विभागप्रमुखांना ते नेहमी ‘तुम्ही’ म्हणत. आज ते भान राहिलं नाही.

“शून्य, सर.”

“आकडे बरोबर होते तुझे.”

“हो सर.”

“मग मला का नाही दिलंस? मी मेलोय का?”

विभागप्रमुख म्हणाले, “सर, तुमचा अपमान—”

“किती देतोस, ते सांग.”

विभागप्रमुखांनी सरांकडे सरळ बघितलं. “शून्य,” ते म्हणाले.

“हं. नापास झालेल्यानं काय करायचं असतं?”

“पुन्हा बसायचं असतं.”

“घंटा व्हायला वेळ आहे अजून. आत्ताच बसतो.” सरांनी लाल वायर पुन्हा खाली लावली आणि डाव्या हातानं फळा पुसला. मग उजवा हात मनगटाशी धरून उचलला आणि टेबलावर, तारेपाशी आणून ठेवला. एकेक बोट धरून तारेभोवती वळवलं. शेवटी अंगठा उभा केला. सोडला तसा तो आडवा पडला. पुन्हा उभा केला, पुन्हा पडला. मागून कुणीतरी फिस्सकन हसलं, आणि लगेच गप्प झालं.

“हसा की,” सर म्हणाले. “अंगठासरांचाच अंगठा उभा राहीना, आणि तुम्ही हसायचं नाही?”

मग मात्र वर्ग हसला, आणि थांबेचना. सरांनी नव्या मुलीला बोलावलं आणि अंगठा धरायला सांगितलं. तिनं तो घट्ट धरला, त्यांना कळला नाही. “प्रवाह कुठं?” ते ओरडले. “वर!” “बोटं कशी वळली?” “घड्याळाच्या उलटी!” बटण दाबलं, आणि सुया वर्ग म्हणाला तशाच उभ्या राहिल्या. मग एकानं शंका काढली, दुसऱ्यानं ती खोडली, तिसरा टेबलावर चढू लागला, आणि घंटा झाली ती त्या गलक्यात कुणाला ऐकू आली नाही.

विभागप्रमुख शेवटी उरले. वायरी गुंडाळून देत म्हणाले, “उद्या तास आहे तुमचा, सर. उशीर करू नका.” आणि घाईनं निघून गेले, कारण डोळे पुसायचे होते.

संध्याकाळी बायकोनं ताट समोर ठेवलं आणि नेहमीप्रमाणे विचारलं. फारशी आशा न ठेवता. “आज कसं वाटतंय?”

“शून्य मिळालं.”

ती घाबरली. “म्हणजे? वर्ग गेला?”

“नाही. वर्ग आहे.” सरांनी ताट जवळ ओढलं. “लाज वाटली गं. भयंकर लाज वाटली. कान तापले.”

बायकोनं ओला हात पदराला पुसला आणि, ताप बघावा तसा, त्यांच्या कानावर ठेवला. “अजून गरम आहेत,” ती म्हणाली.

“काहीतरीच. दुपारची गोष्ट ती. इतका वेळ उष्णता टिकत नाही. चूक आहे हे.”

“बरं,” ती म्हणाली. “मग मलाही शून्य द्या.” हात तिनं काढला नाही. सरांना तो कळत होता.